हबीब मिस्त्री आणि प्लास्टिकचा घाम

हबीब मिस्त्रींना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते माझ्या बायकोच्या कपडे वाळत घालायच्या दोरीला चिमटा लावून उभे होते.

दोरी प्लास्टिकची, हिरवी, दोनच दिवसांपूर्वी मेहकरच्या बाजारातून आणलेली. आम्ही जानेफळला राहायला येऊनही तेवढेच दिवस झाले होते. दोरीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं अंगणातल्या लोखंडी खांबाला बांधलं होतं, आणि त्याच खांबावरून घरात विजेची वायर येत होती. सकाळी दात घासत मी मागच्या दारी आलो, तर एक साठीचे, बारीक अंगाचे, पांढरी टोपी घातलेले गृहस्थ एका काळ्या पेटीची दांडी गरगर फिरवत होते आणि पेटीवरच्या काट्याकडे डोळे बारीक करून बघत होते. दोरीवर मीनाची साडी होती.

मी विचारलं, काय चाललंय. तोंडात फेस असल्यामुळे प्रश्नाला हवं तेवढं वजन आलं नाही. काटा स्थिर होईपर्यंत त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मग शांतपणे म्हणाले, "आज ठीक हाये. पन ओल्या साडीवर भरोसा ठेवू नका."

एवढं बोलून त्यांनी चिमटे काढले, पेटी खांद्याच्या पिशवीत टाकली आणि कुंपण ओलांडून पलीकडच्या घरात गेले. ते आमचे शेजारी होते.

त्या पेटीला सगळं गाव 'मीटर' म्हणायचं. वीज वायरीतल्या तांब्यातून जावी आणि वरच्या प्लास्टिकमधून बाहेर येऊ नये, एवढीच आपली अपेक्षा असते. प्लास्टिक ती अपेक्षा कितपत पुरी करतं ते ही पेटी सांगते. दांडी फिरवली की आत पाचशे व्होल्ट तयार होतात, ते प्लास्टिकवर सोडायचे आणि प्लास्टिक किती अडवतं ते काट्यावर वाचायचं. काटा अनंताकडे गेला तर प्लास्टिक इमानदार. शून्याकडे सरकला तर, मिस्त्रींच्या भाषेत, 'फितूर झालं'.

मिस्त्रींचा धंदा पाण्याच्या मोटारी भरून देण्याचा, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून देण्याचा. बसस्टँडजवळ टिनाचं शेड होतं, त्यात जळालेल्या मोटारी ओळीनं मांडलेल्या असायच्या. हात चांगला होता. पण त्यांचं खरं चित्त होतं ते प्लास्टिकवर, आणि प्लास्टिकवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. घरातलं बटण ते बोटानं दाबत नसत, खिशात ठेवलेल्या वाळक्या काडीनं दाबत. दुसऱ्याच्या घरी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसायची वेळ आली तर आधी रुमालानं खुर्ची पुसत, आणि यजमानाला वाटे, हा आपल्या घराला घाणेरडं म्हणतोय. एका लग्नात त्यांनी मांडवातली रोषणाई तपासल्याशिवाय लावू दिली नव्हती. मुहूर्त टळत आला, नवरदेव घोड्यावर ताटकळला, आणि वरपक्षाकडच्या मंडळींनी हा मुलीचा कोणी नाराज मामा असावा असं धरून चालून त्यांची समजूत घालायला सुरुवात केली.

त्यांच्या प्रत्येक उत्तराच्या सुरुवातीला अगदी सहजपणे 'आजच्या हवेत' हे शब्द येत. तब्येत कशी आहे असं विचारलं तर "आजच्या हवेत बरी." एखाद्याच्या मुलीचं लग्न ठरलं का असं विचारलं तर "आजच्या हवेत ठरलं म्हन्तेत." उद्याची हमी त्यांनी कशाचीच कधी दिली नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायला आलो आहे हे कळल्यावर ते आठवड्याभरात संध्याकाळी घरी आले. दाराशीच उभं राहून विचारलं, तुमच्या पुस्तकात प्लास्टिकचा रोध किती लिहिला आहे. मी तोऱ्यात सांगितलं. एकावर पुष्कळ शून्यं असलेला तो आकडा. मिस्त्रींनी मान खाली घालून आदरानं ऐकला. मग म्हणाले, "हे कोन्या महिन्यातलं, सर?"

मी हसलो. ते हसले नाहीत. म्हणाले, चला.

त्यांच्या अंगणात मी पहिल्यांदा गेलो तो तेव्हा. हातभर लांबीचे वायरींचे तुकडे, चाळीस-पन्नास तरी असतील. काही उन्हात टांगलेले, काही निंबाच्या सावलीत, काही टिनावर पसरलेले. काही साध्या पाण्याच्या मडक्यात, काही युरिया कालवलेल्या पाण्यात, काही शेणाच्या खड्ड्यात पुरलेले. प्रत्येकाला चिंधी बांधलेली, चिंधीवर उर्दूत काहीतरी लिहिलेलं. रोज सकाळी आणि दुपारी ते एकेकाला मीटर लावत आणि वहीत लिहीत. शेजारच्या बायका या अंगणासमोरून जाताना मुलांना पलीकडच्या कडेला घेत. मडक्यात बुडवलेल्या, चिंध्या बांधलेल्या वस्तू, वर परकी अक्षरं आणि रोज ठरल्या वेळी तिथं एकटाच फिरणारा माणूस. करणीसाठी याहून जास्त सामान लागत नाही.

मिस्त्रींनी मला एकेक तुकडा दाखवला. प्लास्टिक उन्हात तापलं की थोडं ढिलं पडतं, संध्याकाळी सावरतं. फार उन्हाळे खाल्ले की कडक होतं, वाकवलं की तडकतं. पावसाळ्यात वर ओल बसते. नुसती ओल असली तर प्लास्टिक अजून तग धरतं, पण शेतातली खताची धूळ आधी बसली असेल आणि वरून ओल आली, की त्या पातळ थरातून वीज वाट काढते.

"मानसाले घाम येते तसा प्लास्टिकलेबी घाम येते, सर," ते म्हणाले. "अन् खतातल्या प्लास्टिकचा घाम लय खारट."

दुसऱ्या दिवशी वर्गात तोच आकडा सांगताना माझ्या तोंडून 'साधारणपणे' हा शब्द निघाला. पोरांनी तो वहीत उतरवून घेतला.

त्या वर्षांत आमच्या भागात कशावरच कोणाचा भरवसा राहिला नव्हता, हेही सांगायला हवं. बीटी कपाशी येऊन काही हंगाम झाले होते. पाकीट हातात आलं की माणसं ते उन्हात धरून, उलटंपालटं करून, शिवण बघून खरं की खोटं ते ठरवत. खताच्या गोणीत हात घालून वास घेत. फवारणीचं औषध फुलपात्रात ओतून रंग बघत. शिवाय गावोगाव वही घेतलेली माणसं यायची. कोणी सर्वेक्षणाला, कोणी माहिती घ्यायला, तुमच्या घरात कोणी अलीकडे कर्जापायी गेलं का असं विचारायला. नावं लिहून न्यायची आणि पुन्हा दिसायची नाहीत. त्यामुळे वही घेऊन येणारा माणूस दिसला की लोक ओट्यावरून उठून आत जात.

अशा दिवसांत हबीब मिस्त्री वही आणि मीटर घेऊन लोकांच्या शेतात हिंडत. शेतीची वीज तेव्हा पाळीपाळीनं यायची. ज्या वेळी लाईन नसेल ती वेळ गाठून ते विहिरीवर जायचे, स्टार्टरचा डबा उघडून फ्यूज काढायचे, केबलला चिमटा लावायचे, दुसरा चिमटा मातीत खुपसलेल्या सळईला, आणि दांडी फिरवायची. वहीत लिहायचं, डबा होता तसा बंद करायचा, पुढच्या शेतात जायचं. मालक भेटला तर सांगायचं, नाही भेटला तर घरी जाऊन सांगायचं. कोणी बोलावलेलं नसे. कोणाकडून काही घेत नसत. हेच लोकांना पचत नव्हतं. काही न घेता माणूस दुसऱ्याच्या शेतात कशाला जाईल?

आणि आता माझा वाटा सांगतो.

एकदा चहाच्या टपरीवर मिस्त्रींचा विषय निघाला. कोणीतरी विचारलं, सर, तुमच्या शेजाऱ्याच्या वहीत असतं तरी काय? मला ज्ञान दाखवायची हौस होती. मी म्हणालो, "सगळ्या गावाचे आकडे आहेत. नावानिशी."

मला मीटरवरचे आकडे म्हणायचे होते. पण आमच्याकडे आकडा म्हणजे आणखी एक गोष्ट असते. खांबावरच्या तारेवर वायर वाकवून टाकतात आणि चोरून वीज घेतात, तोही आकडा. टपरीवर एकदम सगळे गप्प झाले. मला वाटलं, माझ्या बोलण्याचा परिणाम झाला. परिणाम झालाच होता.

चौथ्या दिवशी वीज मंडळाच्या भरारी पथकाची गाडी आली. भर दुपारी शिवारातले आकडे उतरवले, तिघांच्या केबली उचलून नेल्या. त्यात गजानन लोढे, म्हणजे गजूभाऊंची एक होती. विहिरीवरची त्यांची जोडणी रीतसर होती, पण नाल्यापलीकडच्या तुकड्यासाठी त्यांनी आकडा टाकला होता. गजूभाऊ आमच्या आळीतले, आवाजाचे मोठे, मनानं बरे. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाचं एकमत झालं होतं. पथकाला यादी कोणी दिली? ज्याच्या वहीत आकडे होते त्यानं.

मला त्याच वेळी उठून सांगता आलं असतं. मी नाही सांगितलं. खरं म्हणजे माझ्याही मनात पाल चुकचुकली होती. वही उर्दूत होती, मला त्यातलं एक अक्षर वाचता येत नव्हतं. मिस्त्री सांगत ते मी खरं धरत आलो होतो. न वाचता. मीना म्हणाली, तुम्ही असं कसं मनात आणता? मी म्हणालो, आणत नाही, येतं.

मिस्त्रींच्या शेडमध्ये मोटारी येणं बंद झालं. लोक जळालेली मोटार बैलगाडीत घालून मेहकरला नेऊ लागले. रस्त्यात कोणी बोलेना. मिस्त्रींनी कोणाला जाब विचारला नाही, कोणापुढे खुलासा केला नाही. सकाळी पिशवी खांद्याला लावून पूर्वीसारखेच निघत, फक्त आता लोक त्यांना बांधावरूनच परत पाठवत. तरी ते जात. त्यामुळे संशय आणखी पक्का होई.

दिवाळी होऊन कापूस वेचणी जोरात असताना, एका सकाळी गजूभाऊंनी रस्त्यातच मिस्त्रींच्या पिशवीतली वही ओढून घेतली. दहा-बारा जण जमले. वही उघडली तर कोणालाच वाचता येईना. मग सगळी मिरवणूक माझ्या दारात आली, कारण मी शिकलेला. मी पानं उलटली. उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या, बारीक, नेटक्या ओळी. मी म्हणालो, मला येत नाही. मिस्त्री म्हणाले, मी वाचून दाखवतो. गजूभाऊ म्हणाले, "तू त काहीबी वाचशीन."

मीनानं सुचवलं की रशीदा मॅडमकडे जावं. रशीदा मॅडम उर्दू शाळेतून निवृत्त झालेल्या, दोन गल्ल्या सोडून राहायच्या, आणि त्या खोटं वाचतील असं म्हणायची गावात कोणाची छाती नव्हती. गावातल्या निम्म्या बायकांना शिवणकाम त्यांनी शिकवलं होतं.

मॅडमनी सगळ्यांना ओसरीवर बसवलं. मिस्त्री पायरीवर बसले, मीटर मांडीवर घेऊन. मॅडमनी चष्मा पुसला आणि सुरुवात केली.

पहिलं पान नामदेव काळ्यांचं. विहीर कुठं, केबल कोणती, किती उन्हाळे खाल्लेली, त्या दिवशी झड होती की उघाड, काटा कुठे थांबला. आणि त्यापुढे एक ओळ. मॅडम वाचू लागल्या, "बाई अनवाणी पाणी धरते. चप्पल घ्या म्हणून सांगितलं. घेतली नाही." पुढच्या महिन्याचं पान. "अजून घेतली नाही." त्यापुढचं. "घेतली. डाव्या पायाची तुटलेली आहे."

कोणीतरी हसलं. नामदेव काळे हसले नाहीत.

मॅडम पानं उलटत गेल्या. कोणाची म्हैस गाभण होती आणि स्टार्टरच्या खांबाला बांधलेली असायची. कोणाच्या बांधावरून शाळेतल्या मुली जायच्या, म्हणून तिथली वायर उंच टांगायला हवी होती. कोणाच्या म्हाताऱ्याला कमी दिसायचं आणि तो डबा चाचपत उघडायचा. आकडे टाकणाऱ्यांचीही नावं होती. त्यांच्यापुढे लिहिलं होतं, "वायर उघडी. चिकटपट्टी लावून दिली." पथकाला द्यायच्या यादीत चिकटपट्टीची नोंद कशाला असेल, हा विचार मला वाटतं ओसरीवरच्या सगळ्यांच्या मनात एकाच वेळी आला.

माझंही पान होतं. "हिवाळे सर. कपड्यांची दोरी. बाई साडी ओली टाकते. दोनदा सांगितलं. सर हसतात."

मी जमिनीकडे पाहिलं.

"गजानन लोढे," मॅडम वाचू लागल्या. "नाल्याकाठची विहीर. केबल कपाशीतून जमिनीवरून जाते." पावसाळ्यातले आकडे, भादव्यातले आकडे, प्रत्येक वेळी आधीपेक्षा कमी. शेवटचा आकडा तीन दिवसांपूर्वीचा, वावरात कोणी नसताना घेतलेला. मॅडमचा आवाज जरा हळू झाला. "शून्य. घरी गेलो. दार उघडलं नाही. खिडकीतून सांगितलं. चालता हो म्हणाले. उद्या पुन्हा जाईन." आणि खाली, "गेलो. शेतात येऊ दिलं नाही."

गजूभाऊंनी विचारलं, शून्य म्हणजे काय. हे त्यांनी मिस्त्रींना विचारलं नाही, मला विचारलं.

मी सांगितलं की शून्य म्हणजे वरच्या प्लास्टिकमध्ये आणि आतल्या तारेत काही फरक राहिला नाही. लाईन आली की ती ओली माती आणि तार एकच.

गजूभाऊ उभे राहिले. काल रात्रीच्या पाळीत त्यांनी हरभऱ्याला पाणी दिलं होतं, आणि पाण्याची चारी फुटून ते कपाशीतही पसरलं होतं. त्यांच्या स्टार्टरला ऑटो लावलेला होता. लाईन आली की मोटार आपोआप सुरू व्हायची, कोणी जायची गरज नसे. आज पाळी बदलली होती, लाईन अकराला यायची होती. आणि नंदावहिनी, त्यांची बायको, सकाळपासून त्याच वावरात कापूस वेचत होत्या. मॅडमच्या भिंतीवरच्या घड्याळात अकराला पंधरा मिनिटं कमी होती.

गजूभाऊंनी मोटारसायकल काढली आणि मिस्त्रींकडे पाहिलं. मिस्त्री मीटर छातीशी धरून मागे बसले. मी नामदेव काळ्यांच्या गाडीवर.

नाल्याजवळ गाड्या सोडून आम्ही चालत बांधावर आलो तेव्हा नंदावहिनी दिसल्या. कपाशीच्या मधोमध, कमरेला बांधलेली ओटी कापसानं फुगलेली, पाय अनवाणी. त्यांच्या आणि आमच्या मधून काळी केबल गेली होती. अर्धी चिखलात रुतलेली. गजूभाऊंनी हाक मारायला तोंड उघडलं, तसा मिस्त्रींनी त्यांच्या तोंडावर हात ठेवला. ते अगदी हळू म्हणाले, "हाक नोका मारू. हाक ऐकली त सरळ इकडेच येईन. तार ओलांडून."

मग ते एकटेच कडेकडेनं डब्याकडे निघाले. साठीचा माणूस, चिखलात पाय घसरतोय, पण पळाले नाहीत. खिशातली काडी काढली, तिनं डबा उघडला, आत हात घातला. एक, दोन, तीन. तीनही फ्यूज काढून त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकले आणि तिथंच दगडावर बसले.

नंतर काही वेळानं, फार नाही, पलीकडच्या ट्रान्सफॉर्मरमधून तो ओळखीचा घुमणारा आवाज सुरू झाला. लाईन आली होती. आजूबाजूच्या शेतांतल्या मोटारी एकेक करून बोलू लागल्या. गजूभाऊंची गप्प होती.

नंदावहिनींनी मान वर केली आणि आम्हाला पाहिलं. त्यांना आधी राग आला. वेचणीचे दिवस, आणि एवढी माणसं हात हलवत बांधावर उभी. "इतके जन काऊन आले?" त्या म्हणाल्या. गजूभाऊ बांधावर खाली बसले आणि त्यांनी टोपीनं तोंड झाकून घेतलं.

मिस्त्रींनी केबल सोडवली, चिमटे लावले आणि दांडी गजूभाऊंच्या हातात दिली. स्वतः फिरवून बघा, म्हणाले. गजूभाऊंनी जीव खाऊन फिरवली. काटा शून्यावरून हलला नाही. मग मिस्त्रींनी बोटानं चिखल बाजूला करत केबल वर काढली. नंदावहिनी जिथं वेचत होत्या तिथून चार हातांवर प्लास्टिक उभं चिरलं होतं, भेगाळलेल्या टाचेसारखं, आणि आत तांबं दिसत होतं.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रींकडे गेलो आणि टपरीवर मी काय बोललो होतो ते सांगितलं. ते ऐकून घेत होते, एक तुकडा मडक्यातून काढून पुसत. म्हणाले, "आकडेच त होते, सर. तुमी खोटं काय बोलले?" पथक कोणाच्या सांगण्यावरून आलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. त्यांना जाणूनही घ्यायचं नव्हतं. गजूभाऊंकडे मात्र मी दुसऱ्या दिवशी गेलो आणि त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "मंग तुमी ओसरीवर काऊन नाई बोलले?"

पण मी विचारायला गेलो होतो ते दुसरंच. बिनबोलावता, शिव्या खाऊन, लोकांच्या वावरात जायचं कशासाठी?

मिस्त्रींनी ते सांगितलं, मोजक्या शब्दांत. तरुणपणी ते दूरच्या एका शहरात वायरीच्या कारखान्यात होते. तपासणीला. मीटर लावायचं आणि पास झालेल्या बंडलावर शिक्का मारायचा. प्लास्टिकात स्वस्त खडूची भुकटी जास्त पडायला लागली, जुनं भंगार वितळून यायला लागलं, आणि काटा खाली येऊ लागला. तेव्हा मालकानं सांगितलं, पावसाळ्यात तपासणी करूच नका, माल थांबवा, आणि हिवाळ्यात कोरड्या हवेत दुपारी लावा मीटर. कोरड्या हवेत सगळं पास व्हायचं. मिस्त्रींनी दोन हिवाळे शिक्के मारले. तिसऱ्या हिवाळ्याआधी नोकरी सोडून गावी आले.

"किती बंडलं असतीन, सर," ते म्हणाले. "कोनाच्या वावरात पडून राह्यले, मले काय मालूम. म्हनून सगळ्याचेच पाहतो."

यानंतर गाव बदललं. मोटारी शेडमध्ये परत आल्या. गजूभाऊंनी केबल खांबांवर चढवून घेतली आणि मीटर लावताना मिस्त्रींपुढे सळई स्वतः धरू लागले. माझी दोरी मी स्वतः खांबावरून सोडवून अंगणातल्या निंबाला बांधली. बायका दारातूनच हाक मारू लागल्या, मिस्त्री, आमची इस्त्री पाहून द्या, आमचा कूलर पाहून द्या. मिस्त्रींची फेरी लांबली. त्यांच्या चेहऱ्यावर त्यामुळे काही फरक पडला नाही, पण सदरा रोज धुतलेला दिसू लागला.

मग एप्रिलमध्ये मीटरच बिघडलं. आतलं चुंबक थकलं होतं. मिस्त्रींनी ते अकोल्याला दुरुस्तीला पाठवलं, आठ दिवसांच्या बोलीवर.

तीन-चार दिवसांनी मीना म्हणाली, मिस्त्रीभाऊ घराबाहेर दिसत नाहीत, बरं नाही की काय, बघून या. मी गेलो. ते ओट्यावर बसले होते, हात मांडीवर ठेवून. तब्येत चांगली होती. शेडमध्येही काम नव्हतं, हंगाम संपला होता. मी म्हणालो, चहाला या.

त्यांनी विचारलं, "काही बिघडलं का?"

मी म्हणालो, काही नाही बिघडलं.

"मंग काऊन?"

त्यांना खरंच कळलं नव्हतं. मी म्हणालो, असंच. ते आत जाऊन टोपी घालून आले.

इतक्या दिवसांच्या शेजारात ते आमच्या घरात कधी बसले नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. दाराशी उभे राहायचे, मागच्या अंगणात यायचे, वायर बघायचे, सांगायचे, जायचे. आता खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते. हाताचं काय करावं ते सुचत नव्हतं, म्हणून कपबशी दोन्ही हातांनी धरली. मीनानं घरची चौकशी केली. कोण आहे, कुठे आहे. मलकापूरला भाऊ होता, त्याच्याशी जाणं-येणं राहिलं नव्हतं. लग्न केलं नव्हतं. मीनानं शेंगदाण्याचा लाडू पुढे केला, तो त्यांनी घेतला आणि हातातच ठेवला.

मी म्हणालो, गावात सगळे तुम्हाला इतके ओळखतात, तुम्ही कोणाकडे जाऊन बसत का नाही?

"लोकाइच्या घरी जाची सवय हाये, सर," ते म्हणाले. "बसाची नाई."

मीनानं न विचारता त्यांच्या कपात पुन्हा चहा ओतला. तो त्यांनी अगदी सावकाश प्याला. बाहेर ऊन उतरलं, आळीतल्या बायका अंगणात सडा टाकू लागल्या. मिस्त्री तसेच बसून होते. मधूनच मीना काही विचारायची, ते उत्तर द्यायचे. दिवे लागायच्या सुमारास ते उठले. दारात गेले, चपला घातल्या आणि पाठ आमच्याकडे असतानाच थांबले.

"मीटर यायले अजून चार दिवस हायेत," ते म्हणाले. "उद्या बी यावं का?"